आगोटीची यादी

आमच्या घरी आगोटीची यादी आजीच्या तोंडी असे. कागदावर ती कधी उतरली नाही. वैशाख अर्धा सरला की ती ओटीवर बसून एकेकाला कामे वाटू लागे. वडिलांनी छपरावर चढायचे, आईने कणग्या सारवायच्या, आम्ही मुलांनी बागेत पडलेल्या चुडत्या ओढून पडवीत रचायच्या. मिठाचे मडके, चिंचेचा गोळा, आमसुले, कुळीथ, पोह्याचे आणि नाचणीचे पापड, सोडे, सुके बोंबील, जवळा – प्रत्येक जिनसाची जागा ठरलेली आणि प्रत्येकाचे माप ठरलेले. काडेपेट्या मात्र ती स्वतःच्या हाताने पत्र्याच्या डब्यात घालून तो डबा चुलीवरच्या उतरंडीत ठेवी. घरात पाणी शिरले तरी चालेल पण काडी भिजता कामा नये, हा तिचा कायदा होता.

आगोट हा शब्द घाटावरच्या वाचकाला कदाचित परका वाटेल. पावसाच्या तोंडाशी करायची घरची बेगमी म्हणजे आगोट. मृग लागायच्या आत घर शाकारून व्हायला हवे, चार महिन्यांचे धान्य आत आलेले हवे, लाकूडफाटा कोरडा पडलेला हवा. पूर्वी याला दुसरा इलाजच नव्हता. पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या आगबोटी बंद पडत, होड्या शाकारून वर ओढल्या जात, आणि खाड्यांवर पूल नव्हते. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत गाव म्हणजे एक बेट. जे घरात नाही ते जगात नाही, अशा हिशेबाने आमच्या बायका भरणा करीत. कोकणच्या इतिहासात खोतांचे वाडे, बंदरे, किल्ले यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. या भरण्यावर फारसे कोणी लिहिले नाही. माझ्या मते तोही इतिहासच आहे आणि तो बव्हंशी बायकांनी घडवलेला आहे.

या यादीकडे मी पुन्हा वळलो त्याला कारण घडले. ३ जून २०२० रोजी आमच्या गावावरून निसर्ग नावाचे चक्रीवादळ गेले. त्या दिवशी आमची आगोट निम्मी झालेली होती. परंतु ती पूर्ण झालेली असती तरी फारसा फरक पडला नसता, हे मला नंतर कळले. आजीच्या यादीत पाऊस सगळा होता, वारा नव्हता.

वारा का नव्हता? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत राहिला. समुद्राच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसांना वादळ ठाऊक नसावे, हे पटण्यासारखे नाही. माझे पुस्तकी शिक्षण मॅट्रिकपुरतेच. हवामानशास्त्र मी शिकलेलो नाही. तरी मिळेल ते वाचीत गेलो.

आमच्या या किनाऱ्यावर वादळे आली आहेत यात शंका नाही. १६१८ च्या मे महिन्यात वसई आणि मुंबईच्या बाजूला असे एक तुफान झाले की चर्चची आणि मठांची छपरे उडाली, समुद्र गावात शिरला. पोर्तुगीज बखरकारांनी ते लिहून ठेवले आहे. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १९४८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर मोठे वादळ आले. २००९ साली पुन्हा ११ नोव्हेंबर हीच तारीख गाठून फयान आले आणि रत्नागिरीकडचे कितीतरी मच्छीमार परत आले नाहीत. जून महिन्यात मात्र १८९१ नंतर महाराष्ट्राच्या किनाऱ्याला चक्रीवादळ भिडल्याची नोंद नव्हती. बंगालच्या उपसागरात चार उठली तर अरबी समुद्रात एक, असा जुना हिशेब आहे. आणि त्या एकातलेही बहुधा ओमानकडे किंवा गुजराथेकडे निघून जाते. म्हणजे एखाद्या गावाच्या वाट्याला ते तीन-चार पिढ्यांतून एकदा यायचे. तीन पिढ्यांपूर्वीचे दुःख यादीत टिकत नाही. दरसालचा पाऊस टिकतो.

येथे थोडे आडवळण घेतो, कारण गोष्ट गमतीची आहे. वादळांच्या पुष्कळ याद्यांत ६ जून १८८२ रोजी मुंबईवर आलेल्या एका चक्रीवादळाचा उल्लेख सापडतो, आणि त्यात एक लाख माणसे मेली असे लिहिलेले असते. मीही वर्गात मुलांना ते सांगितले होते. पुढे वाचनात आले की असे वादळ झालेच नव्हते. त्या दिवसांच्या वर्तमानपत्रांत, सरकारी कागदांत, कोठेच त्याचा पत्ता नाही. १८८१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती सुमारे पावणेआठ लाख. त्यातले लाखभर लोक एका दिवसात मेले असते तर त्याची कुजबूज तरी उरली असती. कोणीतरी कोठेतरी चुकीचे लिहिले आणि पुढच्यांनी ते उतरवून घेतले. जे वादळ झालेच नाही ते पुस्तकात पक्के बसले, आणि जी खरोखर आली त्यांच्या वेळी आमच्यासारख्या गावात काय घडले, हे मात्र कोणी लिहिले नाही. फयानमध्ये आमच्या गावातली किती भातखळी भिजली, हे आज मला विचारून विचारून गोळा करावे लागते. झालेली गोष्टही माणसे दहा वर्षांत विसरतात.

चक्रीवादळाला इंग्रजीत जे नाव आहे ते आपल्याच देशात जन्मले, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन म्हणून एक गृहस्थ होते. बुडालेल्या जहाजांची चौकशी करण्याचे काम त्यांच्याकडे असे. जहाजांच्या रोजनाम्यांतून वाऱ्याच्या दिशा काढून त्यांनी दाखवून दिले की हे तुफान सरळ धावत नाही, सापाच्या वेटोळ्यासारखे स्वतःभोवती फिरत फिरत पुढे सरकते. वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी ‘सायक्लोन’ हा शब्द बनवला आणि १८४८ मध्ये खलाशांसाठी पुस्तक लिहिले. पुढे सुंदरबनात मातला नदीवर नवे बंदर बांधायचा घाट सरकारने घातला तेव्हा १८५३ साली पिडिंग्टननी गव्हर्नर जनरलला कळवले की समुद्र एक दिवस हे सगळे धुऊन नेईल. कोणी ऐकले नाही. बंदर झाले, त्याला कॅनिंगचे नाव दिले गेले, आणि १८६७ च्या नोव्हेंबरात ते बुडाले. पिडिंग्टन तेव्हा हयात नव्हते.

त्याआधी ५ ऑक्टोबर १८६४ च्या वादळाने कलकत्त्याकडे हजारो माणसे नेली होती. त्यापाठोपाठ पावसानेही दगा दिला. या सगळ्यातून १८७५ साली सरकारी हवामान खाते निघाले. तारा गेल्या, बंदरांवर खुणा चढू लागल्या – दिवसा सुळके आणि ढोल, रात्री तांबडे-पांढरे दिवे. आमच्या बोलीत या सगळ्याला एकच शब्द आहे, बावटा. ‘बंदराला तीन नंबरचा बावटा लागला’ असे कोळीवाड्यात अजूनही म्हणतात.

पण हा बावटा कोणासाठी होता? तो गलबतवाल्यासाठी होता. पिडिंग्टनचे पुस्तक खलाशासाठी होते. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले की वादळाचे मध्य डाव्या हाताला असते, हा नियम ज्याला तांडेल व्हायचे त्याला उपयोगी. तो माजघरात पोचला नाही. घर सांभाळणारीला कोणी कधी सांगितले नाही की बाई, वादळाचा वारा आधी एका बाजूने येतो, मध्य डोक्यावर आला की पडतो, आणि मग नेमका उलट्या बाजूने उठतो. सव्वाशे-दीडशे वर्षे हे ज्ञान बंदराच्या खांबावर टांगलेले राहिले.

आमची घरे पाहिली तरी हीच गोष्ट दिसते. जुने कोकणी घर पावसासाठी बांधलेले आहे. उतरती पाखी, पुढे आलेल्या पागोळ्या, भोवती पडवी. भिंतीला पाणी लागू नये एवढाच विचार. वारा आला की या पुढे आलेल्या पागोळ्यांखाली तो शिरतो आणि छप्पर वर उचलू पाहतो. त्यातल्या त्यात जुनी चौपाखी घरे बरी. चारही बाजूंनी उतार असल्याने वारा अंगावरून घसरतो. दुपाखी घराच्या त्रिकोणी भिंतीवर तो सरळ आदळतो. चौपाखीला लाकूड अधिक, सुताराची मजुरी अधिक, म्हणून पुढे पुढे ती घरे मागे पडली.

छपराचीही एक कथा आहे. आधी पेंढ्याची आणि झापांची छपरे होती, मग कुंभाराचे नळे आले. १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ती चपटी तांबडी कौले किनाऱ्याकिनाऱ्याने गलबतांतून सगळीकडे गेली. आमच्या घरावर अजून तीच आहेत. अलीकडे माकडांच्या त्रासाने आणि दरसाल कौले परतायला माणूस मिळेना म्हणून लोकांनी पत्रे घातले. मी त्यांना दोष देत नाही. परंतु ३ जूनला मी डोळ्यांनी पाहिले ते असे, की कौलांचे घर कौलाकौलाने गेले. वाट मिळाली तसा वारा निघून गेला, वासे आणि रिपा जागेवर राहिल्या. पत्र्याचे घर गेले ते वाशांसकट एकदम गेले, आणि तो पत्रा पुढच्या घराच्या भिंतीत जाऊन रुतला.

त्या दिवसाचे सांगतो. वादळ येणार हे आम्हांला दोन दिवस आधी ठाऊक होते. हे नवे होते. माझ्या पणजोबांना ते कधीच कळले नसते. फोनवर संदेश येत होते, ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून फिरत होती. नावाचा मात्र घोटाळा झाला. ‘निसर्ग येणार’ असे भोंग्यावर ऐकून एका म्हातारीने मला विचारले, “मास्तर, निसर्ग काय पाव्हणा आहे, येणार म्हणून सांगतात?” ते नाव बांगलादेशाने सुचवलेले, शब्द आपलाच.

खाडीकाठच्या घरांना शाळेत हलवायचे ठरले. शाळेची किल्ली माझ्याकडे. पण शाळेत आधीच माणसे होती. ते महामारीचे दिवस. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना चौदा दिवस आम्ही शाळेतच ठेवीत होतो. खाडीकाठची मंडळी दाराशी आली आणि थबकली. “गुरुजी, वाऱ्यानं मरायचं का रोगानं, तेवढं सांगा,” असे त्यांच्यातला एकजण म्हणाला. त्यात विनोद नव्हता. मी उत्तर दिले नाही. दोन वर्ग उघडले, मधले दार बंद करून त्याला बाके लावली, आणि सगळ्यांना आत घेतले. ते बरोबर केले की चूक, याचा विचार मी अजूनही करतो. सुदैवाने त्या रोगाने आमच्याकडे त्या वेळी कोणी गेले नाही.

सकाळपासून वारा होता, पण तो जमिनीकडून. आग्नेयेच्या डोंगरावरून. आमच्या आगोटीचे तोंड नेहमी पश्चिमेला. पश्चिमेच्या भिंतीला झापांचा आडोसा, पश्चिमेच्या खिडक्यांना गोणपाट. शत्रू समुद्रातून येतो हे गृहीत धरलेले. तो आला पाठीमागून. परसातले दार कडीसकट आत आले, असे शेजारच्या वहिनी सांगत होत्या. दुपारी बाराच्या पुढे पोफळी वाकू लागल्या. पोफळ वाकते, जमिनीला टेकते, पुन्हा उठते. असे पाच-सहा वेळा झाले की कडकन मोडते. बागेतून तो आवाज एकसारखा येत होता, कोणी उसाची कांडी मोडावी तसा.

मग वारा पडला. एवढा पडला की पोरे म्हणाली, संपले. शाळेतली अर्धी माणसे उठली. कोणाला म्हैस पाहायची होती, कोणाला घर. माझ्यापाशी पुस्तकी ज्ञान तेवढेच होते, पण ते त्या क्षणी आठवले. मी दारात आडवा उभा राहिलो. दोघे मला न जुमानता गेलेच. वीस-पंचवीस मिनिटांनी वारा उलटला आणि समुद्राकडून आला तो असा, की आधी सैल झालेले सगळे त्याने उचलले. गेलेल्या दोघांपैकी एकाच्या पायावर वासा पडला. तो अजून लंगडत चालतो. दुसरा विहिरीच्या कठड्याला मिठी मारून बसला होता.

समुद्र मात्र आत आला नाही, आणि त्याचे कारण तिथीत आहे. आमच्याकडे भरतीची वेळ काढायची रीत सोपी आहे – तिथीची पाऊणपट. त्या दिवशी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे नवाच्या सुमारास भरती भरली, आणि वादळ दुपारी किनाऱ्याला लागले तेव्हा पाणी उतरत होते. तेच दोन दिवसांनी पौर्णिमेच्या दुपारी आले असते तर खाडीकाठच्या आळीचे काय झाले असते, ते बोलवत नाही. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. गावचा वड मुळांसकट आडवा पडला होता. बायकांनी त्या आडव्या वडालाच सूत गुंडाळले; काहींना त्यासाठी फांद्यांवरून चढून पलीकडे जावे लागले.

खरी परीक्षा त्यापुढची. वीज गेली ती काही गावांत महिनाभर आली नाही. आणि मग आमच्या लक्षात आले की विहिरीवर रहाट नाही. पंप आल्यावर आम्ही रहाट काढून त्याचे लाकूड चुलीत घातले होते. काठोकाठ भरलेली विहीर, आणि पाणी काढायला दोर नाही, पोहरा नाही. तांदूळ होते, पण दळण नाही. जाते उंबऱ्याखाली पायरी म्हणून बसवलेले. आजीची यादी घरातून एकेक जिन्नस करून कशी निघून गेली होती ते त्या महिन्यात दिसले. ज्या घरी म्हातारी माणसे होती, त्या घरी कंदील निघाले, काचा पुसल्या गेल्या. आमच्याकडे उतरंडीतला काडेपेट्यांचा डबा आईने अजून ठेवलेला होता. तो उघडला आणि एकही काडी भिजलेली नव्हती.

बागांचे नुकसान सरकारने आधी हेक्टरावर मोजले. आमच्याकडे बाग गुंठ्यांवर असते आणि एका गुंठ्यात नारळ, पोफळ, मिरवेल, जायफळ एकावर एक वाढते; हेक्टरी पन्नास हजारांचे गुंठ्याला पाचशे होतात. पुढे झाडांवर मोजू लागले, ते बरे झाले. तरी पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. श्रीवर्धनचा रोठा नावाजलेला. तो लावणाऱ्यांतल्या कितीजणांनी पुन्हा रोपे लावली आणि कितीजणांनी जमीन विकायला काढली, हे ज्याने त्याने गावात फिरून पाहावे.

पुराचे शास्त्र आमच्या लोकांना अधिक कळते, कारण पूर वरचेवर येतो. महाड, चिपळूण, राजापूर या नदीकाठच्या बाजारपेठांत जुना दुकानदार माळ्याशिवाय दुकान बांधीत नसे. वर कोसळता पाऊस आणि खाली भरती असली की खाडी नदीचे पाणी घेत नाही, हे त्याला ठाऊक. म्हणून तो आकाशाबरोबर पंचांगही पाही. पण तेथेही अंदाज चुकू लागले आहेत. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी मागच्या, २००५ च्या खुणेच्याही वर गेले; त्या खुणेवर भरवसा ठेवून वर ठेवलेला माल भिजला. १८६४ साली स्थापन झालेल्या तेथल्या वाचनालयातील ग्रंथ चिखलात गेले. आणि डोंगर कोसळण्याला तर माळ्याचा काय उपयोग? २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या, दीडशेहून अधिक माणसे गेली. २०२१ ला तळिये गेले, तेथे ऐंशीहून अधिक. पाण्यापासून वाचायला माणूस वर जातो; दरडीपासून वाचायला त्याला घर सोडावे लागते, आणि तेही पावसात, रात्री, गुरे दावणीला असताना. असे घर सोडायला लावणारी ओळ कोणत्याच यादीत नव्हती. विहीर एकाएकी गढूळ झाली, घरामागे जमिनीला भेग पडली, झाडे तिरकी झाली की निघायचे, हे आता आम्ही मुलांना शाळेत सांगतो. मुले घरी सांगतात. घरचे हसतात.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गुजराथेकडे गेले, तेव्हा निसर्गची आठवण ताजी होती. त्या वेळी मी आणि आईने मिळून यादी पहिल्यांदा कागदावर उतरवली. आजीचे सगळे जिन्नस तसेच ठेवले. त्याखाली नवे लिहिले: पश्चिमेइतकेच पूर्वेचे दार बळकट, आढ्यापासून खांबापर्यंत वाशांना तार, घरावर झुकलेल्या फांद्या चैत्रातच तोडणे, अंगणात सैल पत्रा, फळी, पिंप न ठेवणे, सातबारा, रेशनकार्ड, मुलांचे दाखले प्लास्टिकात गुंडाळून काडेपेट्यांच्या डब्यात, गुरे मोकळी सोडणे, बांधून न ठेवणे, पिण्याचे पाणी तीन दिवसांचे भरून झाकणे, वारा पडला तरी तो उलट बाजूने येऊन जाईपर्यंत बाहेर न पडणे. ही शेवटची ओळ आईने मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, “आणि नोव्हेंबरचं? तेव्हा तर भात खळ्यात असतं.” ते मला सुचलेच नव्हते. तेही लिहिले.

विहिरीवर पुन्हा रहाट बसवला आहे. सुतार सबंध तालुक्यात शोधावा लागला. त्याने चाक करून दिले, पण माळ कशी ओवायची ते त्यालाही ठाऊक नव्हते. शेवटी गावातल्या एका ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांना खुर्चीत बसवून विहिरीवर आणले, आणि त्यांनी सांगितले तसे आम्ही केले. पाणी पंपानेच काढतो. महिन्यातून एकदा, अमावास्येला, रहाट चालवून पाहतो.